ओल्या दोरीने आखलेला ट्रॅक

करुणा इंगोले हिला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर ती सरळ सांगते, "गवत बघते." विचारणारा बहुधा आयटीतला असतो. त्याला वाटतं, बाई आपली फिरकी घेतेय. फिरकी कसली! ती खरोखरच गवत बघते. मेलबर्नच्या पश्चिमेला हॅरिगन रिझर्व्ह नावाचं एक मैदान आहे. मधे फुटबॉलचं मैदान, भोवती गवतावरच आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक, एका अंगाला दोन-अडीचशे माणसं बसतील एवढा पत्र्याचा स्टँड. त्या मैदानाची ती मुख्य ग्राउंड्समन. दारावरच्या पाटीत त्या 'मन'चं 'वुमन' झालेलं नाही, कारण बदलायला कुणाला वेळ नाही आणि तिला हौस नाही.

ट्रुगानिना नावाच्या उपनगरात घर आहे. नवरा श्रेयस बस चालवतो. मुलगी मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि वर आईचा उच्चार सुधारते. म्हणजे चारचौघांसारखं सगळं आहे. पण २००९ सालच्या फेब्रुवारीत यातलं काहीच घडणार नाही अशी वेळ आली होती, आणि ती आली होती एका सुती दोरीपायी. दोरी साधीसुधी नव्हती, तिच्या बापाची होती.

ती इकडे आली २००७ च्या जुलैत. त्या वर्षांत इकडे यायची नुसती झुंबड उडाली होती. पंजाबातून, आंध्रातून, गुजरातेतून, आपल्याकडून पोरं विमानं भरभरून येत होती. कुणी स्वयंपाक शिकायला, कुणी केस कापायला, कुणी गाड्या दुरुस्त करायला. कागदावर शिक्षण आणि मनात पीआर, म्हणजे कायमचा मुक्काम. हे एजंटला माहीत, कॉलेजला माहीत, आईबापांना माहीत, मग लपवायचं कुणापासून? करुणाने चिखलीत बीपीएड केलं होतं. एजंटने तिला हॉर्टिकल्चरचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुचवला, कारण म्हणे तिकडे गर्दी कमी. बाईला आयुष्यात तुळससुद्धा जगवता आली नव्हती.

नियम असा होता, की नुसता डिप्लोमा पुरत नाही. त्याच कामाचे नऊशे तास भरायचे आणि ज्याच्या हाताखाली भरले त्याने सहीशिक्क्याचं पत्र द्यायचं. ते पत्र मिळालं तर पुढचा अर्ज, नाही तर बॅग उचला आणि परत जा. त्या काळात पोरं एकमेकांना भेटली की तब्येत विचारत नसत. "तुझे किती झाले?" असं विचारत. आणि समोरचा लगेच आकडा सांगे.

करुणाला काम मिळालं ते या हॅरिगन रिझर्व्हवर, आठवड्याला वीस तास. तिथला मुख्य माणूस चार्ली. वय साठीच्या पुढे, मान उन्हाने भाजून विटेच्या रंगाची झालेली, आणि बोलणं इतकं कमी, की पहिले दोन आठवडे करुणाला वाटलं, हा आपल्यावर चिडलाय. चार्ली मूळचा माल्टाचा. एका गोष्टीवर मात्र तो तोंड उघडायचा. त्याच्या लहानपणी त्याच्या त्या एवढ्याशा देशात म्हणे नाव घ्यावं असं एकच स्टेडियम होतं. आत फुटबॉल, भोवती ट्रॅक, आणि सणावाराला तिथेच परेड. चार्लीचा बाप तिथे रेघा मारायचा. "तिथे ट्रॅक चुकला," चार्ली सांगायचा, "तर एका गावाचा नाही चुकत. अख्ख्या देशाचे विक्रम चुकतात." खरंखोटं माल्टाची माणसं जाणोत. पण करुणाला तो एकदम घरचा वाटायला लागला, कारण रेघा मारणाऱ्या बापाची पोर तीही होती.

यादवराव इंगोले, म्हणजे तिचे आबा, चिखलीतल्या एका शाळेत शिपाई. घंटा देणं, पाणी भरणं, टपाल नेणं ही झाली कामं. पण डिसेंबरात क्रीडा महोत्सव आला, की शाळेतले दोन्ही पीटी मास्तर बाजूला उभे राहायचे आणि ट्रॅक आबा आखायचे. मधे खुंटी ठोकायची, दोरीचा फास खुंटीत अडकवायचा, दोरी ताणून धरत गोल फिरायचं, मागून कुणीतरी फक्कीचा डबा हलवत यायचं. ते 'कुणीतरी' म्हणजे करुणा. संध्याकाळपर्यंत भुवयासुद्धा पांढऱ्या. आबांची दोरी शेहेचाळीस मीटरची, घट्ट वळलेल्या सुताची, आणि प्रत्येक लेनच्या अंतरावर लाल धाग्याची गाठ. स्टीलच्या टेपने मोजून मारलेल्या गाठी. पोरगी परदेशी निघाली तेव्हा लोणची-पापड आईने भरले आणि आबांनी दोरी. विमानतळावर वजन जास्त झालं तेव्हा करुणाने लोणचं काढून ठेवलं.

तर पहिल्याच आठवड्यात तिने चार्लीला फक्कीबद्दल सांगितलं. चुना म्हटल्यावर तो घाबरलाच. चुन्याने गवत जळतं, इथे पाण्यात मिसळलेला रंग, तोही चाकाच्या यंत्रातून. बरं, ती शिकली. गवत कापायला शिकली, हवा खेळवायला मातीत भोकं पाडायला शिकली, दुष्काळात टँकरच्या पाण्यावर मैदान जगवायला शिकली. तुळस न जगवलेली बाई!

ऑक्टोबर हा इथे अॅथलेटिक्सचा हंगाम सुरू व्हायचा महिना. फुटबॉल संपलं, की मैदान दुरुस्त करून ट्रॅक नव्याने आखायचा. एकदा आखला, की मार्चपर्यंत दर शुक्रवारी त्याच रेघांवरून नुसतं यंत्र फिरवायचं. म्हणजे जे काय मोजायचं ते ऑक्टोबरात. आणि नेमकं २००८ च्या ऑक्टोबरात चार्लीचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. जाताना त्याने शेडची किल्ली करुणाच्या हातात ठेवली आणि सांगितलं, की ट्रॅक तू आख, टेप खणात आहे.

तिचा आनंद काय सांगावा! सरळ रेघा तिने टेपनेच घेतल्या. पण वळणावर छत्तीस मीटरची पोलादी टेप एकटीने ताणून फिरवायची म्हणजे तापच, ती गवतात अडकते, मुरगळते. आणि खरं सांगायचं तर तिला आबांची दोरी वापरायचीच होती. अविचार केला म्हणता? मुळीच नाही. आदल्या दिवशी दुपारी तिने शेडमध्ये दोरी जमिनीवर पसरली, शेजारी टेप ठेवली, गाठ न् गाठ तपासली. छत्तीस मीटर पन्नास सेंटिमीटरची पहिली गाठ, बरोबर. बाकीच्याही बरोबर. मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, कॉलेज गाठायचं म्हणून लवकर येऊन, तिने दोन्ही वळणं आखून टाकली. गवत दवाने भिजलेलं होतं, तिची पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली, दोरी हातात जड लागत होती. ताण चांगला बसतोय असं तिला वाटलं.

चार्ली परत आला, एक फेरी मारून आला, आणि म्हणाला, "गुड." मग त्याने हंगामाच्या फॉर्मवर सही केली. त्या रात्री करुणाने चिखलीला फोन करून तो एक शब्द आबांना तीनदा ऐकवला.

आता अचोलबद्दल. अचोल तेरा वर्षांची, सुदानातून कैरोमार्गे आलेल्या कुटुंबातली. आई कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे शनिवारी, मुलांच्या क्लबच्या शर्यतींच्या दिवशी, पोरगी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. लांब पाय, लांब हात आणि तोंडाला कुलूप नाही. करुणा रंग ओतत असली, की ही शेजारी उभी राहून विचारणार, तुझ्या देशात मुली धावतात का, तू किती जोरात धावायचीस, मग का सोडलंस. करुणा तिला अर्धी उत्तरं द्यायची, पण ती आली नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

त्या फेब्रुवारीत मेलबर्नने शेहेचाळीस डिग्री पाहिले होते. आगी लागून गेल्या होत्या, आभाळ आठवडाभर धुरकट होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, अचोल दोनशे मीटर धावली आणि तीन घड्याळांनी सव्वीस पॉइंट दोन दाखवलं. मैदानाचा मुलींचा विक्रम सव्वीस पॉइंट तीन, एकतीस वर्षं जुना. एकच गलका झाला. अचोलची आई कारखान्याच्या बुटांतच धावत आली. क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी रविवारी स्वतः येऊन स्टँडखालच्या फळ्यावर जुनं नाव पुसून अचोलचं नाव रंगवलं. ही वेळ पुढच्या शुक्रवारपर्यंत वर पाठवायची होती. या वेळेवर पोरीचं नाव राज्याच्या शिबिराच्या यादीत बसत होतं.

करुणाचे तास तेव्हा आठशे बासष्ट झाले होते. राहिले होते अडतीस.

मंगळवारी दुपारी ती मैदानावर आली. आदल्या दिवशी वळणावर पाण्याचा पाइप दुरुस्त करायला चर खणला होता, वरचं गवत बदललं होतं, आणि आठ-दहा मीटरची रेघ साफ गेली होती. ऊन नुसतं भाजत होतं. तिने खुंटीत दोरीचा फास अडकवला, दोरी ताणली आणि पहिली गाठ धरून रेघेच्या टोकापाशी गेली. गाठ रेघेवर येईना. रेघेच्या बाहेर, चांगली दीड वीत बाहेर. तिने परत ताणली, परत तेच. दुसऱ्या टोकाला गेली, तिथेही तेच.

दोरी सैलावली असणार, असं म्हणत ती दोरी घेऊन शेडमध्ये गेली, टेप लावली. छत्तीस पन्नास, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मग टेप घेऊन उन्हात आली आणि खुंटीपासून रेघेपर्यंत मोजलं. छत्तीस तेरा. तिने दुसरं वळण मोजलं. छत्तीस तेरा. मग ती तिथेच तापलेल्या गवतावर बसली. वळण दीड वीत आत, म्हणजे अर्ध्या फेरीला एक मीटर पंधरा-सोळा सेंटिमीटर कमी. अचोल दोनशे मीटर धावलीच नव्हती. एकशे अठ्ठ्याण्णव आणि वर थोडी धावली होती. बीपीएडवालीला कागद-पेन्सिल लागली नाही. दीड दशांश सेकंद, फार तर दोन दशांश. विक्रम मोडायला एकच पुरला होता.

हे झालं कसं, ते तिला कळेना. दोरी आज बरोबर, ऑक्टोबरात आदल्या दिवशीही बरोबर, मग रेघ आत कशी?

संध्याकाळी तिने हे सगळं सुनीतीला सांगितलं. सुनीती पुण्याची, सेंट ऑल्बन्स उपनगरातल्या भाड्याच्या घरातली तिची रूममेट, हेअरड्रेसिंग शिकणारी. सरावाच्या रबरी मुंडक्यावरचे केस कापता कापता तिने ऐकून घेतलं आणि आपलं मत दिलं. हंगामाचे उरले तीन शनिवार. मार्चनंतर पाऊस पडेल, रेघा जातील, ऑक्टोबरात नीट आख. कुणाचं काय बिघडलं? पोरगी खूश, तिची आई खूश, तुझं पत्र हातात. उलट सांगितलंस तर तो चार्ली आधी अडकतो, कारण न मोजता सही त्याची. अडकलेला माणूस तुला पत्र देईल? सुनीती वाईट मुलगी नव्हती हो. तिचे स्वतःचे तास सातशेवर आले होते आणि सलूनवाली रोज नवी अट घालत होती. तिच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो.

करुणा रात्रभर कूस बदलत राहिली. बुधवारी संध्याकाळी, म्हणजे चिखलीत दुपारचं जेवण झालं असेल अशा वेळी, तिने आबांना फोन लावला. जय भीम झालं, जेवलात का झालं, मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. आबांनी मधे एकच प्रश्न विचारला.

"किती वाजता आखलंस?"

"सकाळी. साडेसहा-सातला."

"दव होतं?"

"होतं."

"ओल्या दोरीनं आखलंस बाळ. सुताची दोरी भिजली की आखडते."

करुणाच्या डोळ्यांपुढे एकदम चिखलीचं मैदान आलं. डिसेंबरातली दुपार. एक वाजल्याशिवाय आबा दोरीला हात लावत नसत. पीटी मास्तर घाई करायचे, हेडमास्तर चिडायचे, आबा आपले ऐकून घ्यायचे आणि उन्हात दोरी पसरून बसायचे. तिला वाटायचं, सकाळची शाळेची कामं आटोपायची असतील. कधी विचारलंच नाही.

"तुम्हाला माहीत होतं, तर मला कधी सांगितलं का नाही?"

फोनच्या कार्डाची मिनिटं पळत होती. मग आबा बोलायला लागले, आणि आबांना एवढं बोलताना तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तिच्या लहानपणी, ती दुसरीत असताना, आबांनीही एकदा सकाळीच ट्रॅक आखला होता. पाहुणे लवकर येणार म्हणून हेडमास्तरांचा हुकूम होता. त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा, चंद्रहास, दोनशे मीटरमध्ये शाळेचा विक्रम मोडून गेला. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर पितळी पट्टीवर त्याचं नाव लागलं. आठवड्याने दुपारी रेघा परत मारताना आबांना चूक कळली.

"मी तेव्हा पर्मनंट नव्हतो," आबा म्हणाले. "अध्यक्षांच्या पोराचा विक्रम खोटा आहे, हे मी सांगायचं? मी?"

त्या दुसऱ्या 'मी'मध्ये काय काय होतं, हे करुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्या शाळेत पाण्याचा माठ आबा भरायचे, आणि त्यातलं पाणी काही मास्तर पीत नसत.

"मग त्याला जिल्ह्याला नेलं. तिथं तो पाचवा आला. सगळे म्हणाले, पोरगं मोठं मैदान बघून घाबरलं. बाप तर चारचौघांत बोलला त्याला. तो घाबरला नव्हता गं. तो रोजच्याइतकाच धावला होता. पण त्याला कोण सांगणार? त्यानं धावणंच सोडलं." आबा थांबले. "मी निवृत्त झालो तरी त्या पट्टीकडं बघितलं नाही कधी. आता तुझं तू ठरव. मी काय सांगणार तुला?"

फोन ठेवल्यावर करुणा रडली. रडली ती पत्रासाठी नाही, आबांसाठी. वर्षानुवर्षं हा माणूस भर उन्हात दोरी वाळवत बसत होता आणि लोक त्याला आळशी म्हणत होते.

गुरुवारी दुपारी ती मैदानावर गेली. आधी चार्लीकडे जावं असं शहाणपण सांगत होतं, पण ती आधी अचोलकडे गेली. पोरगी शिबिराची स्वप्नं बघत बुटांच्या नाड्या बांधत होती. करुणाने तिच्यासमोर बसून सांगितलं, की ट्रॅक मी चुकीचा आखला. तू दोनशे मीटर धावली नाहीस. चूक माझी आहे, तुझी नाही.

अचोलने पहिल्यांदाच काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली आणि करुणाला ते बघत बसावं लागलं. शेवटी पोरीने विचारलं, की किती कमी होतं. करुणा तिला वळणावर घेऊन गेली आणि टेपने मोजून दाखवलं. अचोल त्या दीड वितीकडे बघत राहिली. मग पाय आपटत, मागे न बघता निघून गेली.

चार्लीने सगळं ऐकलं. त्याची विटेच्या रंगाची मान आणखी लाल झाली. त्याने टेप उचलली, स्वतः दोन्ही वळणं मोजली, मग दवाने काळी पडलेली ती दोरी हातात घेऊन कितीतरी वेळ चाचपत राहिला. करुणा आठशे बासष्टवर उभी होती.

"सही माझी आहे," चार्ली म्हणाला. "मी मोजलं नाही. फक्त बघितलं."

एवढं बोलून त्याने सेक्रेटरीबाईंना फोन केला. पत्राबद्दल चकार शब्द नाही. ना देतो म्हणाला, ना देत नाही म्हणाला. अशा वेळी माणसाने काय करावं? करुणाने शुक्रवारी सकाळी ब्रश घेतला आणि रेघांच्या पांढऱ्या रंगाने फळ्यावरचं अचोलचं नाव झाकलं. तेवढे पाच-सहा इंच रंगवायला तिला अर्धा तास लागला. दुपारी तिने आणि चार्लीने मिळून, टेपचं एकेक टोक धरून, दोन्ही वळणं नव्याने आखली. जुन्या रेघा हिरव्या रंगाने मिटवल्या. पाणी प्यायलासुद्धा दोघं थांबले नाहीत.

क्लबने मोठेपणा दाखवला म्हणा की नियम बघितला म्हणा, अचोलला शनिवारी पुन्हा धावायची संधी दिली. वेळ वर पाठवायची मुदतही दोन दिवसांनी वाढवून घेतली. पण ती येईल की नाही, हेच कुणाला माहीत नव्हतं. साडेआठला आली. आईबरोबर आली, कुणाशी बोलली नाही. सुरुवातीच्या रेघेवर वाकण्याआधी मात्र मान वळवून तिने करुणाला शोधलं.

"आज बरोबर आहे?"

"तीनदा मोजलंय," करुणा म्हणाली.

पोरगी जीव तोडून धावली. वळणावर तिचा डावा पाय रेघेला चाटून जातोय असं वाटत होतं. करुणा कुंपणाची जाळी धरून उभी होती, आणि तोंडाने मराठीत काय काय बडबडत होती ते तिचं तिला ठाऊक. घड्याळं थांबली. सव्वीस पॉइंट चार, तिन्हींवर. जुना विक्रम एका दशांशाने राहिला. शिबिराची यादीही राहिली.

अचोल गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. आई जवळ आली, तिला हाताने थांबवून ती सरळ जाळीपाशी आली. श्वास लागत होता.

"आता कळलं, दोनशे मीटर म्हणजे किती असतं," ती म्हणाली. आणि मग, जरा दम खाऊन, "हे मला तिकडे शिबिरात कळलं असतं, तर फार वाईट झालं असतं."

तेरा वर्षांची पोर! जाळीतून करुणाने अचोलची दोन बोटं धरली आणि सोडली. त्या पोरीने तो विक्रम पुढेही मोडला नाही. पुढच्या वर्षी ती चारशेकडे वळली, त्यात बरी चमकली, मग शिकली, नर्स झाली. आता शनिवारी भाच्याला घेऊन येते आणि अजून तितकेच प्रश्न विचारते. फळ्यावर ते एकतीस वर्षं जुनं नाव पुन्हा रंगवलं गेलं.

राहिलेले तास करुणाने मुकाट्याने भरले. नऊशेव्या तासाला, मार्चमधल्या एका शुक्रवारी, चार्लीने शेडमध्ये तिच्या हातात पाकीट ठेवलं आणि गवत कापायच्या यंत्रावर बसून तो निघूनच गेला. आत छापील फॉर्म होता. 'देखरेखीशिवाय काम करू शकते का' असा एक प्रश्न होता, हो किंवा नाही अशी खूण करायची. चार्लीने 'हो'वर खूण केली होती आणि खाली, जिथे काही लिहायची गरज नव्हती तिथे, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझ्यावर देखरेख ठेवते.' करुणा शेडच्या मागे जाऊन हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

संध्याकाळी तिने चिखलीला फोन लावला. पत्र मिळालं, आबा. आबा म्हणाले, चांगलं झालं. पण त्यांचा आवाज काही वेगळाच होता. तिने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

"बरी आहे. मी चंद्रहासकडं जाऊन आलो आज."

करुणा उभीच राहिली. चंद्रहास म्हणजे आता पस्तिशीला टेकलेला माणूस, बापामागे संस्थेचा अध्यक्ष झालेला. त्याच्या घराच्या फाटकाशी आबा शेकडो वेळा गेले होते, टपाल घेऊन, निरोप घेऊन. फाटकाच्या आत कधी नाही.

"सांगितलं?"

"सांगितलं. दोरी, दव, सगळं. हात जोडले."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, म्हणजे मी घाबरलो नव्हतो." आबा सांगत होते. "दोन-तीनदा तेच म्हणाला. मी घाबरलो नव्हतो. डोळे पुसले त्यानं."

"आणि मग?"

"मग घरात नेलं. बायकोला चहा टाकायला सांगितला."

"प्यायलात?"

"प्यायलो," आबा म्हणाले. "खुर्चीवर बसून."